‘सुधारणा’ : कर्ता, कर्म आणि एक उभयविध क्रियापद

मराठी व्याकरणात काही क्रियापदांना ‘उभयविध’ म्हणतात. ती एका वाक्यात सकर्मक असतात, तर दुसऱ्यात अकर्मक. ‘त्याने दार उघडले’ आणि ‘दार उघडले’ हे त्याचे शाळेत शिकवले जाणारे उदाहरण. ‘सुधारणे’ हे क्रियापदही याच वर्गातले आहे. ‘मुलगा सुधारला’ या वाक्यात मुलगाच कर्ता आहे. ‘गुरुजींनी मुलाला सुधारले’ या वाक्यात तोच मुलगा कर्म होतो. या क्रियापदापासून ‘सुधारणा’ हे नाम तयार झाले की कर्ता आणि कर्म दोन्ही दृष्टीआड होतात. ‘समाजसुधारणा’ या षष्ठी तत्पुरुषाचा विग्रह ‘समाजाची सुधारणा’ असा होतो; पण ही षष्ठी कर्त्याची की कर्माची, हे सामासिक शब्द सांगत नाही. समाजाने केलेली सुधारणा, की कोणी तरी समाजावर केलेली सुधारणा? आणि तो कोणी तरी कोण?

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पश्चिम भारतात सुधारणेविषयी जो वाद झाला, त्याची मांडणी बहुधा ‘आधी सामाजिक की आधी राजकीय’ या प्रश्नाच्या रूपाने केली जाते. ती चुकीची नाही, पण अपुरी आहे. क्रम कोणता, यापेक्षा कर्ता कोण, हा प्रश्न त्या वादात अधिक खोल होता. तो नीट दिसण्यासाठी मराठीच्या बाहेरही पाहावे लागते. इंग्रजी ‘रिफॉर्म’ ही एकच कल्पना भारतीय भाषांत गेली तेव्हा प्रत्येक भाषेने तिला आपल्या घरातला वेगळा शब्द दिला, आणि प्रत्येक शब्द आपले जुने लागेबांधे घेऊन आला.

बंगालीने ‘संस्कार’ हा शब्द निवडला. ‘समाजसंस्कार’, ‘संस्कारक’ ही रूपे त्यातून आली. मराठी वाचकाला हे प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटते, कारण मराठीत संस्कार हे मुंज-विवाहादी विधी असतात किंवा लहानपणी मनावर बिंबवलेले वळण असते. म्हणजे ज्या रूढी सुधारकाला मोडायच्या, त्यांनाच मराठीत हा शब्द लागतो. बंगालीतही तो अर्थ गेलेला नाही. तिथे ‘संस्कार’ म्हणजे मनात रुजलेला समज, आणि ‘कुसंस्कार’ म्हणजे अंधश्रद्धा. एकाच शब्दात रोग आणि उपचार दोन्ही नांदतात. ‘संस्कार’ या शब्दातील गृहीत असे, की मूळ वस्तू उत्तम आहे, तिच्यावर मळ चढला आहे, तो काढून तिला उजाळा द्यायचा आहे. ईश्वरचंद्र विद्यासागरांनी १८५५ साली विधवाविवाहाच्या समर्थनार्थ दोन पुस्तिका लिहिल्या, त्या पराशरस्मृतीच्या आधाराने. शास्त्राबाहेर जाण्याची त्यांना गरज वाटली नाही. पुढच्याच वर्षी कायदा झाला. तेलुगूनेही ‘संस्करण’ आणि ‘संस्कर्त’ हेच कुळ स्वीकारले. कंदुकूरी वीरेशलिंगम यांच्या कार्याचा उल्लेख त्याच शब्दांनी होतो.

उर्दूतील ‘इस्लाह’ हा शब्द साहित्याच्या अभ्यासकाला विशेष बोलका वाटावा. शागीर्दाने आणलेल्या गझलेवर उस्ताद जो हात फिरवतो, शब्द बदलतो, मिसरा नीट बसवतो, ती ‘इस्लाह’. समाजाच्या बाबतीत हा शब्द आला की उस्ताद-शागीर्दाचे नातेही त्याच्याबरोबर येते. चुका दाखवणारा जाणता एक, आणि त्या मुकाट्याने मान्य करणारा दुसरा. सर सय्यद अहमद खान यांनी १८७० मध्ये काढलेल्या नियतकालिकाचे उर्दू नाव मात्र ‘तहज़ीब-उल-अख़लाक़’ म्हणजे आचारांचे परिष्करण असे होते. इंग्रजी नावात ‘सोशल रिफॉर्मर’ हे शब्द होते. एकाच मुखपृष्ठावर दोन भाषा दोन वेगळ्या गोष्टी सांगत होत्या. हिंदी प्रदेशात भारतेन्दु हरिश्चंद्रांनी १८८४ साली बलियाच्या मेळ्यात जे प्रसिद्ध व्याख्यान दिले, त्याचा विषय भारतवर्षाची ‘उन्नति’ हा होता. इथे रूपक दुरुस्तीचे नसून वर चढण्याचे आहे. तमिळमधील ‘सीर्तिरुत्तम’ या शब्दात ‘सीर्’ म्हणजे सुव्यवस्था आणि ‘तिरुत्तम’ म्हणजे दुरुस्ती. हस्तलिखितातील चूक दुरुस्त करण्यालाही तमिळ माणूस ‘तिरुत्तम’च म्हणतो.

हा शब्दसंसार किती निसरडा आहे, याचे एक दैनंदिन उदाहरण राज्यघटनेच्या बाबतीत दिसते. संविधानात बदल झाला की मराठीत ती ‘घटनादुरुस्ती’ होते, हिंदीत ‘संशोधन’, गुजरातीत ‘सुधारो’. हिंदीतला ‘संशोधन’ मराठीत आला की तो विद्यापीठात जातो आणि पीएच.डी. होतो! भाषांतरकारांची यामुळे होणारी फजिती नेहमीची आहे. उलट दिशेचेही एक उदाहरण आहे. ‘कल्चर’ या अर्थाने ‘संस्कृती’ हा शब्द आपण १९२२ साली पॅरिसमध्ये एका मराठी मित्राकडून ऐकला आणि रवींद्रनाथांनी तो पसंत केला, असे सुनीतिकुमार चटर्जींनी नोंदवले आहे. बंगालीतील ‘कृष्टि’ या शब्दाला त्याने मागे सारले.

मराठी आणि गुजराती या दोन भाषांनी मात्र एकच शब्द घेतला, आणि हा योगायोग नव्हे. मुंबई-सुरतेच्या परिसरात या दोन्ही भाषांचे नवशिक्षित एकाच शाळांतून घडत होते आणि एकाच सभांतून बसत होते. १८४४ मध्ये सुरतेत स्थापन झालेल्या मानवधर्मसभेत दुर्गाराम मेहताजींबरोबर दादोबा पांडुरंग होते; तेच पुढे १८४९ मध्ये मुंबईत परमहंस सभेत दिसतात. १८६२ च्या महाराज बदनामी खटल्यात करसनदास मुळजींच्या बाजूने डॉ. भाऊ दाजी लाड यांनी साक्ष दिली. गुजराती साहित्येतिहासात नर्मदच्या काळाला ‘सुधारक युग’ हेच नाव आहे. मराठी साहित्येतिहासात असे नाव कोणत्याही कालखंडाला मिळाले नाही. मराठीत ते एका वृत्तपत्राला मिळाले. गुजरातीत सुधारक हा युगाचा प्रतिनिधी ठरतो, तर मराठीत तो एक पक्ष ठरतो. दोन्ही भाषांतील वादाच्या स्वरूपातला फरक या नामकरणातही उतरला आहे.

सुधारणा या शब्दाचा आणखी एक अर्थ या दोन्ही भाषांत होता, आणि आजच्या वाचकाला तो सहसा आठवत नाही. ‘सुधारलेली राष्ट्रे’ म्हणजे सभ्य, प्रगत राष्ट्रे; ‘सुधारणा’ म्हणजे सिव्हिलायझेशन. मोल्सवर्थच्या कोशात ‘सुधारणे’ म्हणजे नीट करणे, दुरुस्त करणे हा साधा कामाचा अर्थ आहे. त्या साध्या अर्थावर शतकाच्या मध्यापासून एका मोठ्या ऐतिहासिक शिडीची कल्पना बसली: खालच्या पायरीवर रानटी समाज आणि वरच्या पायरीवर सुधारलेले. एकाच शब्दाने सती किंवा केशवपन यांसारखी विशिष्ट चाल बदलणेही सांगायचे आणि इंग्लंडसारखे होणेही सांगायचे, अशी स्थिती झाली. त्यामुळे केशवपन बंद करा असे म्हणणाऱ्याला ‘तुला साहेब व्हायचे आहे’ असे उत्तर देणे सोपे झाले. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ पासून ‘निबंधमाले’त सुधारकांची जी खरडपट्टी काढली, तिचा बराचसा जोर या दोन अर्थांच्या सरमिसळीवर उभा आहे. पहिल्या अर्थाला त्यांचे उत्तर फार थोडे आहे. दुसऱ्या अर्थाला मात्र ते जिव्हारी लागणारे आहे.

या दुसऱ्या अर्थाचा सर्वात धारदार समाचार गांधींनी घेतला. १९०९ साली मूळ गुजरातीत लिहिलेल्या ‘हिंद स्वराज्य’मध्ये पाश्चात्त्य सिव्हिलायझेशनसाठी ‘सुधारो’ हाच शब्द आहे, आणि तो ‘कुधारो’ आहे असे ते म्हणतात. खरा सुधारो म्हणजे सदाचरण, अशी शब्दाची फोड करून ते शब्द परत मिळवू पाहतात. ती व्युत्पत्ती भाषाशास्त्राच्या कसोटीला उतरेलच असे नाही, पण वादात ती चोख काम करते. इंग्रजीत ‘सिव्हिलायझेशन’ आणि हिंदी अनुवादात ‘सभ्यता’ आल्यावर ही सारी खेळी लोप पावते. गांधींचा घाव आधुनिकतेबरोबरच अर्धशतकभर पश्चिम भारतात मानाने मिरवलेल्या एका शब्दावरही होता, हे मूळ गुजराती न वाचणाऱ्याला कळण्याचा मार्ग उरत नाही.

गोपाळ गणेश आगरकरांनी ऑक्टोबर १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला. त्याच वर्षी त्यांचे ‘वाक्यमीमांसा’ हे व्याकरणावरचे पुस्तक प्रसिद्ध झाले, हा एक मनोज्ञ योग आहे. वर्षभरापूर्वी, १८८७ मध्ये, टिळकांशी तीव्र मतभेद होऊन ते ‘केसरी’च्या संपादकपदावरून दूर झाले होते. नव्या पत्राच्या हेतूविषयी त्यांनी जे लिहिले, त्यात आपली मूळ प्रकृती न सोडता पाश्चात्त्य शिक्षणातून येणाऱ्या कल्पना स्वीकारल्या तरच निभाव लागेल, असा युक्तिवाद आहे. आगरकरांना कोणी पाश्चात्त्यांचा अंध अनुयायी म्हणतो तेव्हा हा उतारा विसरलेला असतो. पण आगरकरांच्या वाक्यरचनेकडे लक्ष दिले तर आणखी एक गोष्ट दिसते. त्यांचा कर्ता बहुधा ‘आम्ही’ असतो, आणि हा ‘आम्ही’ कधी सगळ्या समाजाचा, कधी मूठभर विचारी माणसांचा असतो. व्यक्तीच्या विवेकाला त्यांनी जे सर्वोच्च स्थान दिले, त्याचा हा परिणाम होता. समाज सुधारतो तो एकेक माणूस विचार करू लागल्यामुळे, म्हणजे क्रियापद मुळात अकर्मक. परंतु ज्या दहा-अकरा वर्षांच्या मुलीला विचार करण्याइतके वयच मिळत नाही, तिच्या बाबतीत मात्र कोणी तरी कर्ता व्हायला हवा, हेही त्यांना मान्य होते.

संमतिवयाच्या विधेयकाने ही अडचण उघड्यावर आणली. १८८४ मध्ये बेहरामजी मलबारींनी बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य यांवर टिपणे काढली आणि सरकारने लक्ष घालावे अशी मागणी केली. कलकत्त्यात फुलमणी दासी या अल्पवयीन विवाहितेचा पतीच्या संगामुळे मृत्यू झाला. मार्च १८९१ मध्ये संमतिवय दहावरून बारा वर्षे करणारा कायदा झाला. लोकमान्य टिळकांनी या विधेयकाला केलेला विरोध सर्वज्ञात आहे. त्यांनी १८९० मध्ये मांडलेल्या प्रतियोजनेची चर्चा मात्र कमी होते. मुलींची लग्ने सोळा वर्षांच्या आत आणि मुलांची वीस वर्षांच्या आत करू नयेत, चाळिशीनंतर पुरुषाने लग्न करू नये, हुंडा घेऊ नये, विधवांचे केशवपन करू नये. आणि ही बंधने सुधारणेच्या पुरस्कर्त्यांनी प्रथम स्वतःवर घालून घ्यावीत, असे त्या योजनेचे स्वरूप होते. यातील वयाच्या मर्यादा विधेयकापेक्षा कितीतरी पुढच्या होत्या. याला केवळ डावपेच म्हणून सोडून देता येत नाही आणि टिळक मनातून सुधारक होते असा निष्कर्षही काढता येत नाही. त्यांचा आग्रह क्रियापद अकर्मक ठेवण्याचा होता: सुधारायचे असेल तर आपण सुधारू, परक्या सरकारने आम्हांला सुधारू नये. या भूमिकेचे सामर्थ्य उघड आहे. तिची त्रुटीही तितकीच उघड आहे. ‘आपण’ या सर्वनामात फुलमणी कुठेच नव्हती.

सुधारणेच्या कर्माने स्वतः कर्ता व्हायचे ठरवले की काय होते, हे रखमाबाईंच्या खटल्याने त्याआधीच दाखवले होते. बालपणी झालेला विवाह आपल्यावर बंधनकारक नाही, असे म्हणून त्यांनी पतीच्या घरी जाण्यास नकार दिला. १८८४ मध्ये पतीने दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी निकाल त्यांच्या बाजूने दिला, तो अपिलात टिकला नाही, आणि १८८७ मध्ये नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा हुकूम झाला. रखमाबाईंनी तुरुंगाची तयारी दाखवली. १८८८ मध्ये पैशाच्या तडजोडीने प्रकरण मिटले. पुढे त्या डॉक्टर झाल्या. ‘एक हिंदू स्त्री’ या टोपणनावाने त्यांनी १८८५ मध्ये ‘टाइम्स ऑफ इंडिया’त लिहिलेली पत्रे या वादातील इतर लेखनापेक्षा वेगळी ठरतात ती त्यांतील प्रथमपुरुषी एकवचनामुळे. ‘आम्ही’ आणि ‘ते’ यांच्या गर्दीत तिथे ‘मी’ बोलते आहे.

राजकारणात याच शब्दाची गती उलट झाली. ‘मोर्ले-मिंटो सुधारणा’ (१९०९) आणि ‘माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणा’ (१९१९) या शब्दप्रयोगांत कर्ता निःसंशय राज्यकर्ता आहे. सुधारणा ‘दिल्या’ जातात, ‘मिळतात’, अपुऱ्या असल्या तर ‘नाकारल्या’ जातात. म्हणजे समाजाच्या बाबतीत सरकारने कर्ता होऊ नये म्हणणारा वर्ग राज्यकारभाराच्या बाबतीत सरकारकडेच सुधारणा मागत होता. आणि समाजाच्या बाबतीत सरकारला कर्ता करू पाहणारे रानडे-तेलंगांचे वर्तुळही ती मागण्यात मागे नव्हते. का. त्रिं. तेलंगांनी १८८६ मध्ये मुंबईत दिलेल्या व्याख्यानात सामाजिक सुधारणा राजकीय सुधारणेच्या आधी व्हायलाच हवी हे मत खोडून काढले होते, आणि जिथे विरोध कमीत कमी तिथून पुढे जावे असे सुचवले होते. राष्ट्रसभेच्या मंडपात दरवर्षी भरणारी सामाजिक परिषद १८९५ मध्ये पुण्यात त्या मंडपातून बाहेर पडली, तेव्हा या दोन सुधारणांचा संसार तुटला. १९९१ नंतर ‘आर्थिक सुधारणा’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. त्यातही कर्ता वाक्याबाहेरच राहतो. सुधारणा ‘राबवल्या’ जातात. कोणासाठी आणि कोणावर, हे विचारणाऱ्याला दुसरे वाक्य लिहावे लागते.

न्यायमूर्ती रानडे यांचा मार्ग या सर्वांत गुंतागुंतीचा होता. सुधारणेच्या पद्धती मोजताना त्यांनी परंपरेचा आधार, सदसद्विवेकाला आवाहन, कायद्याचे किंवा जातीचे बंधन आणि शेवटी परंपरेशी संबंधविच्छेद, अशा पायऱ्या सांगितल्या. स्वतःचा कल त्यांनी पहिल्याकडे ठेवला. १८९७ च्या अमरावतीच्या भाषणात मात्र पुनरुज्जीवनवाद्यांना त्यांनी विचारले, की पुनरुज्जीवन नेमके कोणत्या काळाचे करायचे? त्या प्रश्नाने ‘संस्कार’ या शब्दामागचे मूळ शुद्ध वस्तूचे गृहीतकच हलते. पण १८९० च्या पंचहौद मिशनमधील चहाच्या प्रकरणी याच रानड्यांनी पुढे प्रायश्चित्त घेतले, ही नोंदही बाजूला सारता येत नाही.

वादाची ही व्याकरणे साहित्यात कशी उतरली, हे पाहण्यासाठी एकाच विषयावरची दोन नाटके शेजारी ठेवणे उपयोगी ठरते. गुरजाड अप्पाराव यांचे तेलुगू ‘कन्याशुल्कम्’ १८९२ मध्ये रंगभूमीवर आले आणि १८९७ मध्ये छापले गेले. गोविंद बल्लाळ देवल यांचे ‘संगीत शारदा’ १८९९ चे. दोन्हींत पैशासाठी अल्पवयीन मुलगी म्हाताऱ्याला देण्याचा घाट आहे. देवलांच्या नाटकात सुधारक कोदंड सच्चा आणि उतावळा तरुण आहे. प्रेक्षकाची सहानुभूती त्याच्याकडे वळवण्यात नाटककार कसूर करत नाही. पण शारदेचे लग्न थांबते ते कोदंडाच्या युक्तिवादाने नव्हे. वधू-वर सगोत्र आहेत हे लग्नाच्या वेळी उघड होते, आणि पुढे शंकराचार्यांच्या आज्ञेने तिच्या कोदंडाशी विवाहाचा मार्ग मोकळा होतो. कर्ता शेवटी शास्त्रच. रानडे-पद्धतीचे, परंपरेच्या आधाराने सुधारणा घडवण्याचे हे नाट्यरूप आहे. गुरजाडांचा सुधारक गिरीशम् याच्या अगदी उलट आहे. इंग्रजीची फोडणी देत बोलणारा, विधवेच्या उद्धाराची भाषा करत तिला भुलवणारा हा भामटा तेलुगू साहित्यातील सर्वांत लोकप्रिय पात्रांपैकी एक ठरला. मुलीच्या वेषातल्या मुलाशी म्हाताऱ्याचे लग्न लावून जी सोंगाडी सुटका नाटकात घडते, तिच्यामागे मधुरवाणी या गणिकेचे चातुर्य आहे. सुधारणेची भाषा एकाकडे आणि कृती दुसरीकडे, अशी ही विभागणी.

नवल असे, की गुरजाड स्वतः वीरेशलिंगमांच्या परंपरेशी जवळीक असलेले लेखक होते. सुधारकाची टवाळी मराठी रंगभूमीवरही भरपूर झाली. नारायण बापूजी कानिटकरांची ‘तरुणीशिक्षणनाटिका’ (१८८६) स्त्रीशिक्षणाची खिल्ली उडवते. पण ती टवाळी सुधारणेच्या विरोधकाची होती. गुरजाडांनी सुधारणेच्या बाजूला उभे राहून सुधारकाला हास्यास्पद केले. मराठी नाटकाला त्या काळी ते जमले नाही. ज्या भाषेत सुधारक हा एक पक्ष होऊन बसला होता, तिथे असे हसणे शत्रूच्या गोटात जाण्यासारखे झाले असते, हे त्याचे कारण असावे.

हरि नारायण आपट्यांनी कादंबरीत वेगळा उपाय शोधला. ‘पण लक्षात कोण घेतो’ ही १८९० पासून ‘करमणूक’मधून क्रमशः येऊ लागली. तिची निवेदक यमू आहे. तिचे बालपण, सुधारक वृत्तीच्या पतीबरोबरचा अल्प सुखाचा काळ, वैधव्य आणि केशवपन हे सारे ती स्वतः सांगते. सुधारणेचे कर्म इथे वाक्याचा कर्ता झाले. आणि तरीही लेखणी एका पुरुषाची आहे, हे विसरता येत नाही. आपट्यांच्या आधी १८८२ मध्ये बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहून तो कर्तेपणा उसना न घेता मिळवला होता. सुधारणेची विनंती या पुस्तकात नाही. तिथे पुरुषांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले आहे. त्या काळी त्याची वाखाणणी केली ती जोतीराव फुल्यांनी.

फुल्यांच्या बाबतीत एक गोष्ट नजरेत भरते. त्यांच्या संस्थेच्या नावात ‘सुधारणा’ नाही. २४ सप्टेंबर १८७३ रोजी स्थापन झालेला तो ‘सत्यशोधक समाज’ आहे. शोधायचे ते सत्य. समाज हे त्या क्रियेचे कर्म नाही, तर शोधणारे माणूसच समाज आहेत. मलबारींच्या टिपणांवर मत देताना फुल्यांनी कायद्याची बाजू घेतली आणि विधवांवर असलेले बंधन विधुरांवर का नाही, असे विचारले. म्हणजे सरकारला कर्ता करण्याला त्यांचा तत्त्वतः आक्षेप नव्हता. आक्षेप होता तो ज्यांनी माणसांना माणूसपणाचे हक्क नाकारले त्यांनीच सुधारकाची जागा घेण्याला. १८८५ साली पुण्यातील ग्रंथकार सभेचे निमंत्रण नाकारताना रानड्यांना लिहिलेल्या पत्राचा रोख हाच आहे. ग्रंथकारांच्या ‘आपण’मध्ये शूद्रातिशूद्र येत नाहीत, मग ते त्या सभेत कसे येणार, असा तो सवाल होता. या पत्राला मराठी वाङ्मयाच्या इतिहासात नेहमी संमेलनाच्या संदर्भात स्थान मिळते. सुधारणेच्या संकल्पनेच्या इतिहासात त्याला मिळायला हवे ते स्थान अजून मिळालेले नाही.

हा धागा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी उचलला. त्यांच्या पत्रांची नावे ‘मूकनायक’ (१९२०), ‘बहिष्कृत भारत’ (१९२७), ‘जनता’ (१९३०) अशी आहेत. कर्त्याचे नाव थेट मुखपृष्ठावर आले. लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळासाठी १९३६ मध्ये तयार केलेले, पण मंडळाने अधिवेशनच रद्द केल्यामुळे स्वतः छापावे लागलेले ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’ हे भाषण सामाजिक परिषद आणि काँग्रेस यांच्या जुन्या वादापासूनच सुरू होते. सामाजिक परिषद हरली, कारण तिची सुधारणा हिंदू कुटुंबाची सुधारणा होती. हिंदू समाजाची पुनर्रचना तिने हाती घेतलीच नाही, असे त्यांचे निदान आहे. विधवाविवाह आणि बालविवाह हे प्रश्न उच्चवर्णीय घराच्या आतले होते. जात मोडणे हा घराबाहेरचा प्रश्न होता. या एका भेदाने ‘समाजसुधारणा’ या शब्दातील ‘समाज’ हेच पद संशयास्पद ठरते. ज्याला सारे समाज म्हणत होते, ते काही जातींचे कुटुंबजीवन होते.

या भाषणाच्या अनुवादांची शीर्षके तौलनिक अभ्यासाचा स्वतंत्र विषय व्हावीत. मराठीत ‘विध्वंसन’ आणि ‘निर्मूलन’ हे शब्द आले, हिंदीत ‘उच्छेद’. सुधारणेच्या कुळातला शब्द कोणीही वापरला नाही, आणि मंडळाच्या नावातला ‘तोडक’ही कोणी घेतला नाही, हे लक्षणीय आहे. संस्कृत नामांनी क्रियेला भारदस्तपणा दिला आणि कर्ता पुन्हा एकदा मागे गेला. पेरियारांच्या ‘कुडी अरसु’ पत्रातून जो तमिळ अनुवाद प्रसिद्ध झाला, त्याचे शीर्षक मराठीत आणायचे तर ‘जात नाहीशी करण्याचा मार्ग’ असे होईल. त्यात मार्ग आहे, म्हणजे चालणाराही आला.

तमिळ प्रदेशात ‘सीर्तिरुत्तम’ या शब्दाला पुढे जो अर्थ मिळाला, तो मराठी सुधारकांना ओळखीचा वाटला नसता. पेरियारांनी १९२५ मध्ये सुरू केलेल्या चळवळीने आपले नाव ‘सुयमरियादै’ म्हणजे स्वाभिमान असे ठेवले. या चळवळीत १९२० च्या दशकाच्या अखेरीपासून पुरोहिताशिवाय आणि मंत्रांशिवाय विवाह होऊ लागले, आणि लोक त्यांना ‘सीर्तिरुत्त’ विवाह म्हणू लागले. शब्द जुनाच होता. पण तो आता कोणी कोणावर करायच्या दुरुस्तीचा राहिला नव्हता, दोन माणसांनी आपल्या लग्नात केलेल्या कृतीचा झाला होता. १९५० च्या दशकात मद्रास उच्च न्यायालयाने असा विवाह कायद्याने वैध नाही असे ठरवले. अण्णादुराईंच्या सरकारने १९६७ मध्ये हिंदू विवाह कायद्यात कलम ७-अ घालून त्याला मान्यता दिली आणि आधी झालेले असे विवाहही पूर्वलक्षी प्रभावाने वैध ठरवले. १८९१ मध्ये कायदा पुढे आणि समाज मागे होता. इथे लोक चार दशके पुढे होते आणि कायदा मागून आला. अशा विवाहासाठी जाहीर समारंभ लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये पुन्हा स्पष्ट केले. त्या कलमात पुरोहिताचा उल्लेखच येत नाही. नातेवाईक, मित्र किंवा अन्य व्यक्तींच्या उपस्थितीत वधू आणि वर या दोघांनी एकमेकांना समजणाऱ्या कोणत्याही भाषेत, ‘मी हिला पत्नी म्हणून स्वीकारतो’, ‘मी याला पती म्हणून स्वीकारते’ अशा अर्थाचे एक वाक्य म्हणावे, किंवा एकमेकांना हार किंवा अंगठी घालावी, किंवा ताली बांधावी; यांपैकी काहीही एक पुरते.